पेन्सिल आणि शाई

आपल्याकडे कुणी ‘एक्स्पायर झाले’ म्हटले, की घरात एकदम शांतता पसरते. माणूस गेला, असाच त्याचा अर्थ. म्हणून संगणकाच्या पडद्यावर ‘सेशन एक्स्पायर्ड’ हे दोन शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या काळजात धस्स होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी असो, नाहीतर जुलैच्या अखेरीस पीकविम्यासाठी ई-सेवा केंद्रावर ताटकळलेला शेतकरी असो. नाव, गाव, गट क्रमांक, खाते क्रमांक सगळे भरून झालेले असते आणि अचानक पान कोरे होते. मेलेले कुणी नसते. पलीकडचा संगणक आपल्याला विसरलेला असतो, एवढेच.

हे विसरणे येते कुठून आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत माणसांनी त्यावर कोणकोणते उपाय केले, याची हकिगत आज सांगायची आहे. मी कविता लिहिणारा माणूस, अभियंता नाही. या विषयाकडे मी दप्तराच्या वाटेने आलो. मराठवाड्यात जमिनीचा जुना हक्क शोधायचा म्हणजे १९५४-५५ चे खासरापत्रक आणि नंतरची पहाणीपत्रके काढावी लागतात. त्याआधीचे निजामकालीन कागद बरेचदा उर्दूत असतात. मला उर्दू वाचता येते, म्हणून ओळखीचे लोक नकला घेऊन घरी येतात. ते कागद वाचता वाचता लक्षात आले, की दप्तराचा सगळा कारभार एकाच प्रश्नाभोवती फिरतो. कोणती नोंद कुणाजवळ आहे, आणि दोघांजवळच्या नोंदी वेगळ्या निघाल्या तर खरी कुणाची? पडद्यावरच्या अर्जाचा इतिहास हाही याच प्रश्नाचा इतिहास आहे.

दप्तरातली रीत

तलाठ्याच्या दप्तरातली एक जुनी रीत पाहा. जमीन विकली गेली किंवा वारस लागले, की गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. मग संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हस्तलिखित सातबाराच्या काळात तोवर ती नोंद सातबारावर पेन्सिलने करून ठेवत. प्रमाणित झाली, की शाईने. पेन्सिलीचा अर्थ असा, की अजून ठरलेले नाही, पण दप्तराला त्याची आठवण आहे. शाईचा अर्थ, ठरले. गावातल्या निरक्षर माणसालाही हा फरक बरोबर कळत असे. ‘अण्णा, माझी नोंद पेन्सिलीवरच आहे का अजून?’ असे तो तलाठ्याला विचारी.

आता संगणकाच्या पडद्यावरचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. त्यात लिहायच्या चौकटी असतात, टिचकी मारायचे छोटे चौकोन असतात, गोल असतात, खाली उघडणाऱ्या याद्या असतात. संगणकवाले त्यांना विजेट म्हणतात. चौकटीत काय लिहिले, चौकोन भरला की रिकामा ठेवला, यादीतून कोणता जिल्हा निवडला, ही त्या विजेटची त्या क्षणाची अवस्था. ‘सबमिट’ दाबून ती माहिती पलीकडच्या सर्व्हरच्या दप्तरात पक्की बसेपर्यंत ही सगळी पेन्सिल आहे. पेन्सिलीने लिहिलेले हे पान सांभाळायचे कुणी, आपल्यासमोरच्या यंत्राने की दूरच्या सर्व्हरने?

बिनडोक पडदा

वेब येण्याआधी या प्रश्नाला सरळ उत्तर होते. उदाहरण रेल्वेचे घेऊ. संगणकावरचे आरक्षण आपल्या देशात १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले. रेल्वेसाठी संगणकाची कामे करणारी ‘क्रिस’ ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली आणि तिने तयार केलेली ‘कॉन्सर्ट’ ही देशभराची आरक्षणप्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला चालू झाली. आपले स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत येते आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादच. खिडकीवरच्या बाबूसमोर जो पडदा असे, त्याला टर्मिनल म्हणत. त्याला स्वतःची बुद्धी फारशी नव्हती आणि आठवणही नव्हती. बाबू कळ दाबी, ती तारेवरून मुख्य संगणकाकडे जाई, आणि काय दाखवायचे ते मुख्य संगणक ठरवी. पेन्सिलही त्याच्याजवळ आणि शाईही त्याच्याजवळ.

यापेक्षा वेगळा प्रकार अमेरिकेत आयबीएम कंपनीने १९७१ मध्येच आणला होता. त्यांच्या ३२७० या टर्मिनलवर सबंध अर्ज पडद्यावर येई. कारकून तो जागेवरच भरी आणि शेवटी एक कळ दाबली, की भरलेला मजकूर एकदम मुख्य संगणकाकडे जाई. दर अक्षरासाठी मोठ्या संगणकाला जागे करावे लागत नसे. आज आपण वेबवर जो अर्ज भरतो, त्याचा हा आजोबा म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की त्या काळी मुख्य संगणक कारकुनाला ओळखत असे. कोणता पडदा कुठल्या तारेला जोडला आहे आणि त्याचे काम कुठवर आले आहे, हे त्याला ठाऊक असे.

विसरणे हीच सोय

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ पर्यंत ती बाहेरच्या जगात आली. त्यांच्यासमोर आरक्षणाची खिडकी नव्हती. त्यांना शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना वाचायला मिळावेत, एवढे हवे होते. म्हणून त्यांनी बोलण्याचा नियम अगदी साधा ठेवला. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने द्यायचे, आणि संबंध संपला. पुढच्या क्षणी तोच माणूस दुसरे पान मागायला आला, तर सर्व्हरच्या लेखी तो नवा माणूस.

हा दोष नव्हता, सोय होती. ज्या कारकुनाला कुणाचीच आठवण ठेवायची नाही, तो हजारो लोकांना कागद देऊ शकतो. तो आजारी पडला, तर त्याच्या जागी दुसरा बसवला तरी कुणाला कळत नाही. पुढे २००० मध्ये रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेची तत्त्वे मांडली. दर मागणीसोबत ती समजायला लागणारी सगळी माहिती यावी, सर्व्हरने मागची आठवण गृहीत धरू नये, हे त्यातले एक प्रमुख तत्त्व होते. वेब जगभर पसरले, त्यात या विसरण्याचा वाटा मोठा आहे.

अडचण झाली ती लोकांनी वेबवर नुसते वाचायचे सोडून लिहायला सुरुवात केल्यावर. १९९३ च्या सुमारास मोझॅक ब्राउझरमध्ये भरता येणारे अर्ज आले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० या प्रमाणात ते रीतसर नोंदले गेले. आज आपण वापरतो ते चौकोन, गोल आणि याद्या तेव्हाच्याच.

यातल्या गोलांना ‘रेडिओ बटण’ म्हणतात. रेडिओवर बोलायचे म्हणून मुद्दाम सांगतो, हे नाव मोटारीतल्या जुन्या रेडिओवरून आले. त्यावर केंद्रे बदलायला बटणांची एक ओळ असे. एक बटण दाबले, की आधी दाबलेले आपोआप वर येई. एका वेळी एकच केंद्र. अर्जातल्या गोलांचेही तसेच, एक निवडला की दुसरा सुटतो.

चौकोनाची गंमत मात्र वेगळी आणि जरा धोक्याची आहे. ‘मला ही सवलत हवी’ यासमोरच्या चौकोनात तुम्ही खूण केली, तर ते सर्व्हरला कळवले जाते. खूण केली नाही, तर ‘नाही’ असे कळवले जात नाही. काहीच कळवले जात नाही. म्हणजे माणूस नाही म्हणाला, की त्याला विचारलेच नव्हते, हे पलीकडे ओळखू येत नाही. म्हणून जाणते प्रोग्रामर चौकोनाच्या मागे एक अदृश्य चौकट ठेवतात. तिचे काम एवढेच, की हा प्रश्न विचारला होता असे सर्व्हरला सांगायचे. मौनाचा अर्थ लावताना कवीही अडखळतो. यंत्राला तो लावायला सांगू नये, हे शहाणपण यात आहे.

बिल्ला आणि गाठोडे

आता विसराळू कारकुनाकडून मोठे काम करून घ्यायचे तर काय करायचे? पहिली युक्ती त्या अदृश्य चौकटीचीच. चार पानांचा अर्ज असेल, तर पहिल्या पानावर भरलेले सगळे दुसऱ्या पानात लपवून परत पाठवायचे, दोन्हींचे मिळून तिसऱ्यात. अर्जदाराने आपली कागदपत्रे पिशवीत घालून टेबलाटेबलांवर फिरावे, तसेच हे. पण पिशवी अर्जदाराच्या हातात असली, की त्यातला कागद बदलायची संधीही त्याच्याच हातात. १९९० च्या दशकात काही दुकानदारांनी वस्तूची किंमतच या लपवलेल्या चौकटीत ठेवली. जाणकार गिऱ्हाइकांनी पान आपल्या संगणकावर उघडून किंमत कमी केली आणि माल मागवला. तेव्हापासून या धंद्यात एक नियम पक्का झाला. समोरून आलेली पेन्सिल दप्तराशी ताडून पाहिल्याखेरीज शाई करू नये.

दुसरी युक्ती १९९४ मध्ये आली. नेटस्केप कंपनीतले तरुण प्रोग्रामर लू माँटुली एमसीआय या दूरध्वनी कंपनीसाठी वेबवरच्या खरेदीचे काम करत होते. गिऱ्हाइकाची अर्धवट भरलेली टोपली आपल्या सर्व्हरवर साठवायची एमसीआयची तयारी नव्हती. तेव्हा माँटुली यांनी ‘कुकी’ काढली. सर्व्हर एक लहानशी चिठ्ठी ब्राउझरला देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत दाखवतो. चिठ्ठी साधारण चार किलोबाइटची, म्हणजे दोन-तीन पानी पत्राएवढी.

चिठ्ठीत सगळा मजकूर ठेवण्यापेक्षा नुसता क्रमांक ठेवावा, हे लवकरच लक्षात आले. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलात किंवा खुलताबादच्या उरुसात गेलात, तर बाहेर चपला ठेवून बिल्ला घेता. बिल्ल्यावर आकड्याखेरीज काही नसते. चपला फळीवर असतात. बिल्ला दाखवला, की आपल्याच चपला परत मिळतात. हेच ‘सेशन’. बिल्ला आपल्या ब्राउझरमध्ये, चपला सर्व्हरच्या फळीवर.

फळी मात्र अमर्याद नसते. बिल्ला घेऊन गेलेला परत आलाच नाही, तर त्याच्या चपला किती वेळ ठेवायच्या? मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या पद्धतीत सांगितल्याखेरीज ही मुदत वीस मिनिटांची असते. शेवटच्या मागणीपासून वीस मिनिटे काही हालचाल झाली नाही, की फळी रिकामी. आणि इथेच आपल्या शेतकऱ्याचे आणि शिष्यवृत्तीवाल्या मुलीचे घोडे अडते. ती दोघे त्या वीस मिनिटांत स्वस्थ बसलेली नसतात. ती लिहीत असतात. पण चौकटीत लिहिण्याची हालचाल सर्व्हरला दिसत नाही, कारण ‘सबमिट’ दाबेपर्यंत तिकडे काही जातच नाही. सावकाश लिहिणारा, कागद शोधणारा, एका बोटाने अक्षर टिपणारा माणूस त्या कारकुनाच्या लेखी उठून गेलेला असतो. वीस मिनिटांचा नियम सगळ्यांना सारखा आहे. त्याचा फटका मात्र ज्याचा हात सावकाश चालतो त्यालाच बसतो.

असाच एक प्रसंग मी एका केंद्रावर ऐकला. म्हातारबाबांनी विचारले, ‘काय झालं रे बाळा?’ पोरगा म्हणाला, ‘मामा, सेशन गेलं. पुन्हा भरावं लागंल.’ बाबा म्हणाले, ‘मी तर इथंच बसलो होतो की.’ सगळी कैफियत त्या एका वाक्यात आली.

तिसरी युक्ती गाठोड्याची. एएसपी डॉट नेट २००२ मध्ये बाजारात आले. तोवर पुष्कळ प्रोग्रामर व्हिज्युअल बेसिकमध्ये एकाच संगणकावर चालणारे अर्ज बनवत. त्यांना वेबचे विसरणे जाणवू नये, अशी ही रचना होती. पानावरच्या विजेटांची अवस्था बांधून तिचे एक गाठोडे करायचे, ते ‘व्ह्यूस्टेट’ या नावाने पानातच लपवायचे आणि दर टिचकीला ते सर्व्हरकडे जाऊन परत यायचे. गाठोड्यात कुणी हात घालू नये म्हणून वर लाखेची मोहोर लावावी, तशी गणिती मोहोर लावायची सोयही केलेली होती. सर्व्हर गाठोडे सोडून पाही, पान जसेच्या तसे उभे करी, हवा तो बदल करी आणि पुन्हा बांधून देई. त्याला काही लक्षात ठेवावे लागत नसे आणि अर्जदारालाही काही हरवल्यासारखे वाटत नसे.

महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’ या सातबाराच्या संकेतस्थळावर जे गेले आहेत, त्यांना तिथल्या पानांच्या पत्त्याअखेरची ‘एएसपीएक्स’ ही अक्षरे आठवत असतील. ती याच घराण्याची खूण. तिथे आधी विभाग निवडायचा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट क्रमांक. जिल्हा निवडल्याखेरीज तालुक्यांची यादी भरत नाही, तालुका निवडल्याखेरीज गावांची नाही. वापरणाऱ्याला हे सोपे वाटते. पण तालुक्यांची यादी आणण्यासाठी सर्व्हरकडे जाऊन परत येताना आधी निवडलेला जिल्हा हरवता कामा नये, म्हणजे कुणीतरी तो आठवणीत ठेवायलाच हवा.

गाठोड्याला वजन असते आणि ते कुणीतरी वाहावे लागते. टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम तेव्हा माहिती वर पाठवताना सेकंदाला जास्तीत जास्त ३३,६०० बिट नेत असे. गाठोडे ५० किलोबाइटचे असेल, तर ते नुसते वर जायला बारा सेकंद, आणि खाली यायला आणखी सात-आठ. जिल्हा, तालुका, गाव अशा तीन टिचक्यांना एक मिनिट, तेही तार मध्ये तुटली नाही तर. शहरातल्या कचेरीत बसून पान तयार करणाऱ्याला हे वजन जाणवत नसे. ते खेड्यातल्या तारेवर पडत असे.

दोन प्रती

या येरझाऱ्या टाळायची वाट मायक्रोसॉफ्टनेच १९९९ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये करून ठेवली होती. सबंध पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरकडून थोडी माहिती आणायची सोय. तिची ताकद लोकांना कळली ती २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गुगल मॅप्स आल्यावर. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. आता जिल्हा निवडला, की फक्त तालुक्यांची यादी येऊ लागली, बाकीचे पान हलत नाही. पुढे अँग्युलर आणि २०१३ मध्ये फेसबुकने खुले केलेले रिअ‍ॅक्ट यांसारख्या साधनांनी पेन्सिलीचे जवळजवळ सगळे पान ब्राउझरच्या हवाली केले. सर्व्हरकडे शाईचे दप्तर तेवढे उरले.

पडदा हुशार झाला. पण जुना प्रश्न नव्या रूपात आला. एकाच गोष्टीच्या दोन प्रती झाल्या. पडद्यावर जागा शिल्लक दिसते आणि पैसे भरेपर्यंत ती दुसऱ्याने घेतलेली असते. पैसे भरताना ‘बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका’ अशी सूचना येते, तिच्यामागेही हीच भीती. तीच पेन्सिल दोनदा शाई होईल, म्हणजे पैसे दोनदा कापले जातील. चांगली प्रणाली प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक देते आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर ‘हे झालेले आहे’ असे सांगते. ज्या प्रणालीने ही काळजी घेतलेली नसते, ती काळजी घेण्याची विनंती आपल्याला करते.

दोन प्रतींचे एक उदाहरण आपल्या गावाच्या नावाचे. २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. देशभरातल्या किती अर्जांत, किती याद्यांत जुने नाव असेल, त्याचा विचार करा. नावावर लोक वाद घालतात, कविता करतात, कोर्टातही जातात. यंत्राचे काम मात्र नावावर चालत नाही, चालू नये. यादीत वरून दिसते ते नाव असते, पण निवडल्यावर सर्व्हरकडे जातो तो संकेतांक. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारातही आहे, त्याचा संकेतांक वेगळा. जिथे दप्तरात संकेतांकाची शाई होती, तिथे वरचे नाव बदलणे हे पाटी बदलण्याइतके सोपे काम होते. जिथे नावच लिहून ठेवले होते, तिथे जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एकाच जिल्ह्याच्या आहेत, हे यंत्राला वेगळे शिकवावे लागते. निजामकालीन नकलांत आणि आजच्या सातबारात गावांची नावे वेगवेगळ्या लिप्यांत, वेगवेगळ्या उच्चारांत सापडतात, तेव्हा मलाही हेच करावे लागते.

शेतातली पेन्सिल

या सगळ्या इतिहासाची आपल्या मातीतली परीक्षा १५ ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे. त्या दिवशी महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ हे मोबाइल अ‍ॅप राज्यभर सुरू झाले. नाव जुनेच, पाहणी. पूर्वी तलाठी शिवारात फिरून कोणत्या गटात काय पेरले ते नोंदवी आणि ते गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाराच्या खालच्या भागात, जाई. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची.

शिवारात नेहमी रेंज असतेच असे नाही. कन्नड-सोयगावच्या डोंगराकडेला तर नसतेच, असे तिकडचे लोक सांगतात. म्हणून शेतात केलेली नोंद फोनमध्ये साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची, अशी सोय या अ‍ॅपमध्ये ठेवली गेली. चूक झाली, तर २०२२ पासून ४८ तासांत दुरुस्तीची मुभाही दिली गेली. हा विचार चांगला आहे. पेन्सिल शेतकऱ्याच्या हातात, शाई सरकारच्या दप्तरात आणि मध्ये खोडरबराला दोन दिवस.

पण घरी येऊन अपलोड करायचे राहिले तर? शेतकऱ्याच्या मनात पाहणी झालेली असते. त्याने फोटो काढला, कपाशी निवडली, क्षेत्र भरले, फोनने ते घेतले. त्याच्या डोळ्यांपुढे नोंद आहे. दप्तराला तिचा पत्ता नाही. अतिवृष्टीची मदत असो, नाहीतर हमीभावाची खरेदी असो, तिथे विचारले जाते ते सातबारावरचे पीक. फोनमधले पीक कुणी विचारत नाही. जुन्या काळी ‘अण्णा, नोंद पेन्सिलीवर आहे की शाईवर?’ असे विचारायला समोर माणूस होता. आता तो प्रश्न पडद्याला विचारायचा आहे, आणि पडद्याने त्याचे उत्तर न विचारता, ठळक अक्षरांत, मराठीत द्यायला हवे. ‘ही नोंद अजून तुमच्या फोनमध्येच आहे. कचेरीत पोहोचलेली नाही.’ एवढी दोन वाक्ये पुरतात.

लंबक परत येतो

२०१८-१९ पासून एक उलटी लाट दिसते. ब्राउझरवर फार ओझे झाले, दोन प्रती जुळवता जुळवता जीव मेटाकुटीला आला, असे प्रोग्रामरच म्हणू लागले. फीनिक्स लाइव्ह व्ह्यू, मायक्रोसॉफ्टचे ब्लेझर सर्व्हर अशा पद्धतींत ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एक तार सतत जोडलेली राहते. टिचकी मारली, की ती तारेवरून जाते आणि पडद्यावर काय बदलायचे ते सर्व्हर सांगतो. सिकंदराबादच्या त्या टर्मिनलची आठवण यावी असेच हे. विसराळू कारकुनाच्या जागी पुन्हा आठवणीचा कारकून बसवला. शहरात, चांगल्या तारेवर, हे छान चालते. तार तुटली, की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा या चाळीस वर्षांत अमुक एक जागा योग्य, असे ठरलेले नाही आणि ठरणारही नाही. सर्व्हरने विसरण्यात जगाची सोय आहे. कधी कधी त्या विसरण्यात आपले रक्षणही आहे. अर्जात चूक निघाली, की फोटो आणि सही पुन्हा जोडावी लागते, याचा आपल्याला राग येतो. पण फोटोची ती चौकट भरायची मुभा ब्राउझर सर्व्हरला मुद्दाम देत नाही. दिली असती, तर कुठल्याही संकेतस्थळाने आपल्या संगणकातला कोणताही कागद परस्पर उचलला असता. विसरण्याचा प्रत्येक प्रकार हलगर्जीपणा नसतो, हे कळले म्हणजे उरलेल्या हलगर्जीपणाबद्दल नेमके बोलता येते.

नेमके बोलायचे, तर मागणी लहान आहे. अर्धवट भरलेला अर्ज ब्राउझरमध्ये किंवा सर्व्हरवर मसुदा म्हणून जपून ठेवता येतो. ब्राउझरमध्ये अशी साठवण करायची सोय २००९-१० पासून सर्रास आहे. मुदत संपण्याआधी ‘अजून आहात का?’ असे विचारता येते. चुकलेली एक चौकट दाखवून बाकीच्या जशाच्या तशा ठेवता येतात. यातले काहीही नवे नाही, महागही नाही. एखादा अर्ज हे करत नसेल, तर यंत्राला ते जमत नाही असे समजू नये. सावकाश लिहिणारा माणूस तो अर्ज बनवणाऱ्याच्या नजरेसमोर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. आपल्या बापजाद्यांना कचेरीची भाषा येत नव्हती, पण अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय ते खिडकी सोडत नसत. निजामाच्या काळातल्या पेट्यांत आजही अशा पोचपावत्या निघतात, घडीवर झिजलेल्या, पण शिक्का शाबूत. मोबाइलवर अर्ज भरणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो, की पडद्यावर हिरवी खूण दिसली म्हणून उठू नका. अर्ज क्रमांक आला का ते पाहा, आणि तो कागदावर लिहून घ्या. शाईने.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)